खाऱ्या वाऱ्यातलं लोखंड: गंजरोधक रंगांत खरंच काय बदललं?

मीठवारा (धागाकर्ता), रत्नागिरी

बावीस वर्षं मी लोखंडाच्या रंगकामाची तपासणी करतोय. जेट्ट्या, तेलाच्या टाक्या, पूल, पाइपलाइनी. मागच्या रविवारी भाचा म्हणाला, "मामा, रंग तो रंग, त्यात नवीन काय यायचं?" त्याला उत्तर द्यायला बसलो आणि जेवणाची वेळ टळून गेली. तेच इथे नीट लिहितो. या विषयावर मराठीत फार कमी वाचायला मिळतं, आणि समुद्राच्या जवळ ज्याचं गेट, शेड किंवा ट्रॉलर आहे त्याला दर दोन-तीन वर्षांनी हा खर्च चुकत नाही.

आधी जुनी, पण अजूनही भक्कम असलेली पद्धत. आमच्या धंद्यात रंगाचे 'हात' मोजतात. पहिला हात जस्ताचा. वाळलेल्या थरात वजनाने किमान ८० टक्के जस्ताची पूड हवी, तरच तिचे कण एकमेकांना आणि पोलादाला टेकून राहतात. मग ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि पोलाद वाचतं. दुसरा हात इपॉक्सीचा, चांगला जाड. त्यात अभ्रकासारखे चपटे कण असलेलं आयर्न ऑक्साइड घालतात, साइटवर त्याला एमआयओ म्हणतात. छपरावर मंगळुरी कौलं कशी एकावर एक चढलेली असतात, तसे हे कण थरात आडवे बसतात आणि पाण्याला आत शिरायला वळसे घ्यावे लागतात. तिसरा हात पॉलियुरेथेनचा, उन्हासाठी. किनाऱ्यावरच्या कामाला हे सगळं मिळून ३०० मायक्रॉनच्या आसपास जातं. मिलिमीटरचा तिसरा हिस्साही नाही. एवढ्याशा पडद्याच्या भरवशावर पूल उभे असतात.

तिसरा हात लागतो कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. दोन पावसाळे गेलेल्या इपॉक्सीवर बोट फिरवा, पांढरी भुकटी हाताला लागते. खडू उठला असं आम्ही म्हणतो. उन्हातल्या ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणात साधारण ४०० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा असते आणि इपॉक्सीतला कार्बन-कार्बन बंध साधारण ३५० ला तुटतो. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला मात्र ४५० च्या आसपास लागते. हा एक आकडा समजला की पॉलिसिलोक्झेन रंग १९९० च्या दशकापासून का पुढे आले ते कळतं. त्यात इपॉक्सीची पकड आणि सिलिकॉनचा उन्हातला टिकाव एकाच थरात येतो. जस्ताचा हात दिल्यावर वर पॉलिसिलोक्झेनचा एक जाड हात, आणि बऱ्याच कामांत तेवढ्यावर भागतं. तीनचे दोन झाले.

याचं आपल्या देशातलं सगळ्यात ठळक उदाहरण पांबनचा नवा रेल्वेपूल. रामेश्वरला जाणारा १९१४ सालचा जुना पूल गंजामुळे डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांना बंद झाला. नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. लांबी २ किलोमीटरहून थोडी जास्त, ९९ गाळे, आणि जहाजं जाऊ देण्यासाठी उभा उचलला जाणारा ७२.५ मीटरचा गाळा. या पुलाच्या पोलादावर पॉलिसिलोक्झेन आहे, काँक्रीटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या सळ्या आहेत आणि सांधे वेल्डिंगचे. शेजारच्या मंडपमला कराईकुडीच्या विद्युत रसायन संशोधन संस्थेचं गंज तपासण्याचं केंद्र आहे, यावरूनच तिथली हवा कशी असेल ते समजा.

जपान आणखी वेगळ्या वाटेने गेला. १९८२ मध्ये तिथे फ्लोरिनयुक्त राळ बाजारात आली, जी साध्या हवेत वाळते. कार्बन-फ्लोरिन बंध सिलिकॉनच्या बंधापेक्षाही चिवट. १९९८ चा आकाशी-कैक्यो पूल आणि २०१२ चा टोकियो स्काय ट्री या दोन्हींवर तो रंग आहे. महाग आहे, पण इतक्या उंचीवर पुन्हा रंग लावायचा खर्च धरला तर हिशेब बसतो.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. हात कमी झाले याचा फायदा मजुरीत आहेच, पण कोकणात तो मिठात जास्त आहे. दोन हातांच्या मध्ये जी रात्र जाते, त्या रात्री समुद्रावरून मीठ येऊन रंगावर बसतं. डोळ्यांना दिसत नाही. तीन हात म्हणजे अशा दोन रात्री, दोन हात म्हणजे एकच. नव्या रंगाचं हे मोल कुठल्याही माहितीपत्रकात मी वाचलेलं नाही, पण आयुष्य या किनाऱ्यावर गेल्यामुळे मला ते सगळ्यात मोठं वाटतं.

हे मी किंमत मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या एका जेट्टीचं काम होतं. ब्लास्टिंग (दाबाने कणांचा मारा करून लोखंड साफ करणं) सुरेख झालं होतं, एसए अडीच या स्वच्छतेच्या दर्जाला तंतोतंत, पृष्ठभाग राखाडी आणि एकसारखा. संध्याकाळी वारा सुटला, काम थांबलं. सकाळी हवेच्या झोताने धूळ उडवली आणि पहिला हात मारला. करारात मीठ तपासण्याची अट नव्हती, म्हणून मीही सही केली. चौदा महिन्यांनी मुगाच्या दाण्याएवढे फोड आले, फोडलेल्या प्रत्येकात पाणी. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की जे होतं तेच रंगाखाली होतं. मीठ पाण्याला ओढतं आणि रंगाचा थर ते हळूहळू आत सोडत राहतो. तेव्हापासून करारात असो वा नसो, ब्रेस्ले पट्टी लावून मीठ मोजल्याशिवाय मी सही करत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. पट्टीच्या कप्प्यात सुईने शुद्ध पाणी सोडायचं, खालीवर करायचं, काढून घ्यायचं आणि त्याची विद्युतवाहकता मोजायची. मीठ जास्त निघालं तर गोड्या पाण्याच्या दाबाने धुवायचं आणि पुन्हा ब्लास्ट करायचं.

इथे कारखान्यात, जहाजावर, आखातात काम करणारे बरेच आहेत. तुमच्याकडे काय बदललं ते लिहा.


भट्टीवाला, भोसरी

वाचनखूण साठवली. आमच्या पावडर कोटिंगच्या (रंगाची कोरडी पूड लावून भट्टीत भाजायच्या) शॉपमध्ये खरा बदल पावडरीत कमी आणि तिच्या आधीच्या टाक्यांत जास्त झाला.

पूर्वी सात टाक्यांची लाइन: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, धुणं, फॉस्फेट, धुणं, पॅसिव्हेशन. झिंक फॉस्फेटची टाकी गरम ठेवावी लागायची आणि तळाला गाळ साचायचा. तो गाळ उपसणं हे शॉपमधलं सगळ्यात नको असलेलं काम. आम्ही झिरकोनियमवर गेलो. टाकी साध्या तापमानाला चालते, फॉस्फेटचा प्रश्न नाही, गाळ अगदी थोडा. थर इतका पातळ की नॅनोमीटरमध्ये मोजतात. फॉस्फेटचा करडा रंग डोळ्यांना दिसायचा, हा धड दिसतही नाही. सुरुवातीला आमच्या जुन्या कामगारांचा विश्वासच बसेना की जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, काही चढलंय. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते: पाणी. बोअरचं जड पाणी फॉस्फेटने चालवून घेतलं असतं, झिरकोनियम चालवून घेत नाही. आरओचं पाणी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पावडरीबद्दल एकच सांगतो, कारण निम्म्या तक्रारी यातून येतात. डब्यावर '१८० अंशांना १० मिनिटं' लिहिलेलं असतं ते जॉबच्या धातूचं तापमान, भट्टीच्या हवेचं नाही. जाड प्लेट भट्टीत गेली की तिला १८० ला पोचायलाच पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात. कच्ची राहिलेली पावडर दिसायला उत्तम दिसते आणि वाकवली की तडकते. आता १५०-१६० अंशांना पिकणाऱ्या पावडरीही मिळतात. जाड जॉबला आणि गॅसच्या बिलाला दोन्हीला बरं.


दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर आहे. जहाजाच्या बुडाच्या रंगाबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

शंख-शिंपले आणि शेवाळ बुडाला चिकटलं की इंधन जास्त जळतं, म्हणून बुडाला विषारी रंग देतात. १९७० च्या दशकात ट्रायब्युटिल टिन घातलेले रंग आले. त्यांच्याइतकं परिणामकारक काहीच नव्हतं. पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची कवचं वेडीवाकडी वाढू लागली आणि शेती बसली. एका जातीच्या समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली, तीही लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणाला. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर बंदी आणली. जगभराचा करार २००१ मध्ये झाला आणि लागू व्हायला सप्टेंबर २००८ उजाडला. त्याच करारात आता सायब्युट्रिन या आणखी एका विषाची भर पडली, १ जानेवारी २०२३ पासून.

म्हणून सध्या ज्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे तो सिलिकॉनचा रंग. त्यात मारण्याचा प्रकार नाही, पृष्ठभागच इतका गुळगुळीत आणि मऊ की जे काही चिकटलं असेल ते जहाज चालू लागताच निसटतं. मी अशा जहाजावर काम केलंय. चालत्या जहाजाला उत्तम. पण बंदराबाहेर नांगर टाकून तीन आठवडे गरम पाण्यात थांबलो की त्यावरही चिखलासारखा बुळबुळीत थर धरतोच, आणि फेंडर घासला तर मऊपणामुळे ओरखडा खोल जातो.

बॅलास्ट टाकीत (जहाजाचा तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात ती) आत उतरून पाहणी करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. तिथला नियम मला फार योग्य वाटतो. २००६ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे नव्या जहाजाच्या बॅलास्ट टाकीत ३२० मायक्रॉन इपॉक्सी, १५ वर्षांचं लक्ष्य, आणि रंगाआधी पृष्ठभागावर चौरस मीटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. मीठवारा, तुमच्या करारात जी अट नव्हती ती जहाजांच्या नियमात केव्हाची लिहिलेली आहे. वरचा हात फिक्या रंगाचा हवा, हेही त्यात आहे. टॉर्चच्या उजेडात गंज लगेच दिसतो. ज्याने हे कलम घातलं तो कधीतरी अंधाऱ्या टाकीत उतरलेला असणार.


मीठवारा

दर्यावर्दी, हे कलम मी आता पुलाच्या कामांतही जसंच्या तसं मागतो. जमिनीवरच्या कामांसाठी आयएसओ १२९४४ हे मानक आहे, त्यात हवा किती गंजवणारी आहे त्यावरून वर्ग पाडलेले आहेत. २०१८ च्या सुधारणेत त्यांनी किनारा आणि उद्योग यांचे सी-५ नावाचे दोन वेगळे वर्ग एकत्र केले आणि भर समुद्रासाठी सीएक्स हा नवा वर्ग काढला. टिकाऊपणाचा '२५ वर्षांहून जास्त' हा टप्पाही तेव्हाच आला. पण त्याच मानकात स्पष्ट लिहिलंय की टिकाऊपणा म्हणजे हमी नव्हे. पहिली मोठी दुरुस्ती कधी लागेल याचा तो अंदाज आहे. रंग विकणारे हे वाक्य वाचून दाखवत नाहीत.


फोर्थकाठी, एडिनबर्ग

मी रंगवाली नाही, पण रोज जो पूल बघते त्याची गोष्ट इथे बसते. आमच्या इथला फोर्थ रेल्वेपूल १८९० चा. एका टोकापासून रंगवत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा रंगायला आलेलं असतं, अशी त्याची ख्याती. इथे न संपणाऱ्या कामाला लोक या पुलाच्या रंगकामाचीच उपमा देतात.

ती ख्याती २०११ च्या डिसेंबरात संपली. २००२ पासून त्यांनी पूल टप्प्याटप्प्याने झाकून घेतला, शंभर वर्षांचे जुने थर पोलादापर्यंत खरवडून काढले आणि तीन हातांचा नवा रंग दिला. मधला हात काचेच्या चपट्या कणांचा इपॉक्सी, जो उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मसाठी तयार झाला होता. २५ वर्षं तरी पुन्हा रंगवावं लागणार नाही असं तेव्हा सांगितलं गेलं. तुमची कौलांची उपमा वाचली आणि मला मधल्या हाताचं काम पहिल्यांदा समजलं.

त्या काळात इथे आलेले होते. पांढऱ्या कापडात गुंडाळलेले पुलाचे भाग आठवतात. आता कळतंय की ते कापड पावसासाठी जेवढं, तेवढंच खरवडलेला जुना रंग खाली पाण्यात पडू नये म्हणूनही असणार.


काजूगर, वेंगुर्ला

रसायनशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. आपल्या मातीतली एक गोष्ट सांगायची संधी सोडवत नाही.

इपॉक्सीला दोन डबे लागतात, राळ आणि हार्डनर. नेहमीचा अमाइन हार्डनर दमट हवेत घोटाळा करतो. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी जुळून पृष्ठभागावर मेणचट, चिकट साय धरते. पुढचा हात त्या सायीवर बसतो आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. यावर जे उत्तर निघालं त्याचं नाव फेनाल्कमाइन, आणि ते काजूच्या टरफलातून येतं.

टरफलातला काळा, झोंबरा चीक म्हणजे मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल. तो तापवला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरतं. कार्डेनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि डायअमाइन यांच्या अभिक्रियेतून फेनाल्कमाइन बनतं. कार्डेनॉलच्या रेणूला पंधरा कार्बनची लांब, तेलकट शेपटी आहे. ती पाण्याला दूर ठेवते, म्हणून हा हार्डनर ओलसर पृष्ठभागावरही पकड धरतो, सायीचा त्रास फार कमी, आणि गोठणबिंदूच्या जवळपासच्या थंडीतही इपॉक्सी पिकतं. थंड देशांच्या जहाजबांधणीत म्हणूनच त्याला मोठी मागणी. मंगळुरूला याचा कारखाना आहे.

माझे आजोबा होडीच्या फळ्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचे. लाकूड कुजत नाही आणि किडा धरत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. आमच्या भागातल्या काजू कारखान्यांत टरफलं फोडणाऱ्या बायकांचे हात या चिकाने काळे पडतात, सालपटं निघतात. ज्या गुणामुळे तो पोलादाला चिकटून बसतो, त्याच गुणामुळे तो कातडीला सोडत नाही. हातमोजे आणि खोबरेल तेल प्रत्येक बाईला कामाआधी मिळायलाच हवं. टरफलाला आता इतका भाव आलाय की त्यातून तेवढा खर्च सहज निघेल.


मीठवारा

काजूगर सर, साष्टांग नमस्कार. फेनाल्कमाइनचे डबे मी गेली कित्येक वर्षं पास करतोय. ते आपल्या काजूचं आहे एवढं ऐकून होतो, शेपटीची गोष्ट आज कळली.

दमट हवेचं गणितही इथेच सांगतो. दवबिंदूच्या किमान ३ अंश वर पोलादाचं तापमान असलं तरच रंग लावायचा. कोकणात जूनमधे हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या जरा वर येतो. म्हणजे पोलाद २८ च्या वर हवं. पहाटे तेच पोलाद २५-२६ ला असतं, हात लावला तर ओल जाणवतेही. म्हणून आमचं काम नऊ-साडेनऊशिवाय सुरू होत नाही.


कोळसा_आणि_धूर, चंद्रपूर

आमच्याकडे बरोबर उलटं. चिमणीच्या आणि गरम डक्टच्या कामाला इथिल सिलिकेटचा जस्त-रंग वापरतो, कारण त्याला ४०० अंशांपर्यंत काही होत नाही. हा रंग हवेतल्या ओलीवर पिकतो. मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी की दोन दिवसांनीही नाणं घासलं तर भुकटी निघते. मग संध्याकाळी रंगलेल्या भागावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. नवीन आलेल्या पोरांना हे पटतच नाही की रंगावर मुद्दाम पाणी मारायचं असतं.

आणखी एक. या थरात बारीक छिद्रं असतात. वरचा रंग थेट जाड मारला की आतली हवा बाहेर येताना बुडबुडे फुटतात. आधी पातळ करून एक झिलई मारायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग पूर्ण हात.


शंकेखोर

ग्रॅफीनच्या रंगाच्या जाहिराती फार दिसतात. 'एक थर, गंज कायमचा बंद' वगैरे. आमच्या कारखान्याच्या मालकांनी मागवलाय. जाणकार काय म्हणतात? आणि स्वतःच भरून येणारे रंग म्हणतात ते काय आहे?


मीठवारा

ग्रॅफीन ही थाप नाही, पण जाहिरात जे सांगते तेही नाही. ग्रॅफीन वीज वाहून नेतं. नुसत्या ग्रॅफीनच्या थराला ओरखडा पडला की उघड्या पोलादाशी त्याची विद्युतघटासारखी जोडी जमते आणि त्या ओरखड्यात पोलाद उलट जास्त वेगाने गंजतं. हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण हाच गुण जस्ताच्या रंगात उपयोगी पडतो. ८० टक्के जस्त भरूनही आतल्या कणांपैकी पुष्कळसे एकमेकांना टेकत नाहीत आणि कामाविना पडून राहतात. थोडं ग्रॅफीन त्यांच्यात तारेसारखं जोडणी करतं. मग कमी जस्तात तेवढंच संरक्षण मिळू शकतं, रंग हलका होतो, तडकत कमी. काही कंपन्या तेच काम काचेच्या पोकळ गोळ्यांनी करतात. म्हणून मालकांना एवढंच विचारायला सांगा: हा रंग जस्ताबरोबर आहे की नुसता? आणि ओरखडा पाडून केलेल्या मीठ-फवारा चाचणीचा अहवाल मागा, अखंड पत्र्याच्या चाचणीचा नको.

स्वतः भरून येणाऱ्या पदार्थांची मूळ कल्पना २००१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातली. अतिसूक्ष्म कुप्यांत द्रव भरायचा, तडा गेला की कुपी फुटते आणि द्रव तडा भरतो. सुंदर कल्पना आहे. मी अजून अशा रंगाच्या मोठ्या कामावर उभा राहिलेलो नाही, त्यामुळे शिफारस करणार नाही.


रंगाऱ्याची_लेक, ठाणे

धागा आवडला. पण सगळी चर्चा लोखंडाच्या आयुष्याची चाललीय, म्हणून लावणाऱ्याच्या आयुष्याबद्दल लिहिते.

माझे बाबा स्प्रे पेंटर होते. ट्रकच्या बॉड्या, नंतर मशिनरी. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग आला तेव्हा काय चमक म्हणून त्यांना फार कौतुक होतं. तोंडाला रुमाल बांधायचे. पंचेचाळिशीत रात्री श्वास कोंडू लागला, सुट्टीत बरं वाटायचं, सोमवारी पुन्हा. डॉक्टरांनी कामाचं विचारलं तेव्हा कळलं की त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा होतो. आणि एकदा का शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो. रुमालच काय, साधा मास्कही पुरत नाही. फवारणीला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटाच लागतो. त्यांना काम सोडावं लागलं.

युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून जास्त मोकळे डायआयसोसायनेट असलेला माल कामात वापरणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण सक्तीचं केलंय. आपल्याकडे डब्यावरची सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि तीही डबा उघडताना ओघळलेल्या रंगाखाली. ती मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात असायला काय हरकत आहे? मीठवारा, तुम्ही सांगितलेल्या पॉलिसिलोक्झेनमध्ये हे असतं का?


मीठवारा

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बाबांना नमस्कार सांगा.

मी लिहिलेल्या प्रकारचे बहुतेक पॉलिसिलोक्झेन आयसोसायनेटविना असतात. हा मुद्दा मी मूळ लेखात पहिल्या परिच्छेदात घ्यायला हवा होता. म्हणून ते अपायरहित असं नाही, इपॉक्सीचा भाग कातडीला बाधतो, हातमोजे आणि मुखवटा हवेतच. यापुढे मी तपासायला जाईन तिथे मीठ मोजायच्या आधी फवारणाऱ्याचा मुखवटा बघेन.

शिशाचंही सांगून टाकतो, कारण लोकांची गल्लत होते. जुन्या पुलांवरचा शेंदरी पहिला हात म्हणजे रेड लेड, शिशाचं ऑक्साइड, देवाला लावतात तो शेंदूर. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते तपकिरी रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचं ऑक्साइड, आपली काव. पहिलं गंजाला उत्तम अडवायचं पण विषारी. दुसरं स्वतः विषारी नाही, पण गंजाला फारसं अडवतही नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. तेव्हा जुना शेंदरी थर कोरडा घासू नका, ग्राइंडर तर लावूच नका. धूळ पोटात जाते आणि कपड्यांवरून घरी पोरांपर्यंत पोचते. ओला करून खरवडायचा, खाली ताडपत्री.


माडाची_वाडी, मालवण

इतक्या जाणकारांत माझा प्रश्न लहान आहे. घर समुद्रापासून चारशे मीटर. पट्ट्यांचं गेट आहे, दर दिवाळीला रंगवतो आणि पुढच्या गणपतीपर्यंत गंजाचे ओघळ. शेडचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) पत्रे आहेत, त्यांवरचा ऑइलपेंट तर हाताने सोलून निघतो. ब्लास्टिंग मला परवडणार नाही. काय करू?


मीठवारा

प्रश्न लहान नाही, या धाग्यातला सगळ्यात जास्त लोकांचा आहे.

पत्र्यांचं आधी. ऑइलपेंटमधलं तेल आणि जस्त यांचा साबण होतो. अक्षरशः साबण, रंग आणि पत्रा यांच्या मध्ये. म्हणून तो सोलून निघतो, कितीही महागाचा लावा. सगळा काढा, घासणीने घासून धुवा आणि जीआयसाठीचा पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक किंवा जीआयवर चालणारा इपॉक्सी प्रायमर लावा. डब्यावर 'गॅल्व्हनाइज्ड' असं लिहिलंय का ते बघूनच घ्या.

गेटसाठी, ब्लास्टिंग न केलेल्या लोखंडावर चालणारे अ‍ॅल्युमिनियम घातलेले जाड इपॉक्सी मिळतात. दुकानात 'सरफेस टॉलरंट' म्हणून मागा. काम असं करा. पहिल्यांदा गोड्या पाण्याने भरपूर धुवा, घासण्याच्या आधी, नाहीतर मीठ घासून घासून गंजाच्या खड्ड्यांत बसतं. वाळल्यावर सुटा गंज आणि खपल्या तारेच्या ब्रशने काढा. पट्ट्यांच्या धारदार कडा कानशीने गोल करा, कारण ओला रंग कडेवरून मागे सरकतो आणि गंज नेहमी तिथूनच धरतो. पुन्हा धुवा, वाळू द्या. मग कडा, वेल्डिंगचे सांधे आणि नटबोल्ट यांना आधी नुसत्या ब्रशने एक हात, आणि त्यानंतर सगळ्या गेटला. नोव्हेंबरात, दहा वाजल्यानंतर.


माडाची_वाडी

मनापासून धन्यवाद. किती रंग आणू? गेट दोन्ही बाजूंनी मिळून बारा चौरस मीटर भरतं.


मीठवारा

डब्यावर घनपदार्थाची आकारमानाने टक्केवारी असते. तिला १० ने गुणायचं आणि हव्या त्या मायक्रॉनने भागायचं, म्हणजे एका लिटरात किती चौरस मीटर ते निघतं. ८० टक्क्यांचा इपॉक्सी १२५ मायक्रॉनला ६.४ चौरस मीटर. ब्रशला राहतो, डब्यात उरतो, ते धरून पाच म्हणा. तुम्हाला अडीच लिटर लागेल. वर उन्हासाठी पीयू, ५० टक्के घन आणि ५० मायक्रॉन धरला तर लिटरला दहा, वाया जाणारा धरून दीड लिटर आणा. तो ब्रशनेच लावा, फवारू नका, हातमोजे घाला आणि मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका. दोन डबे एकत्र केले की साधारण दोन-तीन तासांत रंग घट्ट होतो, म्हणून अर्धाअर्धा करून कालवा.

थिनर दुकानदार देईल तो नको, रंगाच्या कंपनीचाच घ्या. आणि कडांचा हात विसरू नका.